टोकियोची हिशेबाची वही, सोल आणि तैपेईत वापरून

वही दिसायला साधी आहे. बी-५ आकार, पुठ्ठ्याचं कव्हर, मागच्या बाजूला पावत्या ठेवायला प्लास्टिकचा खिसा आणि किंमत हजार येनच्या आतबाहेर. जपानमध्ये नोव्हेंबर लागला की पुस्तकांच्या दुकानात दाराशीच डायऱ्यांशेजारी अशा वह्यांची चळत उभी राहते. काकेइबो म्हणतात त्यांना, म्हणजे घरखर्चाची वही. दोन-तीन मोठे प्रकाशक आणि असंख्य छोटे, प्रत्येकाची आखणी थोडी वेगळी. मी घेते ती एका छोट्या प्रकाशकाची. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि आखणी सगळ्यांचीच साधारण अशीच असते.

परीक्षण लिहायचं कारण सांगते. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला टोकियोहून सोलला, तिथून तैपेईला आणि आता परत टोकियोला आणलं. देश बदलला, चलन बदललं, शाळा बदलली, वही मात्र दरवर्षी तीच मागवत राहिले. लग्नाआधी मी अकाउंट्समध्ये होते, त्यामुळे नवा रकाना दिसला की हात शिवशिवतात. तर ही वही टोकियोत कशी चालते एवढंच नाही, टोकियोबाहेर ती कुठे अडते तेही सांगते.

आधी आखणी. महिन्याच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर जमा. त्याखाली लगेच बचत. मग घरभाडं, वीज, गॅस, पाणी, फोन, विमा असे ठरलेले खर्च, आणि हे सगळं वजा जाता जे उरेल ते महिनाभर वापरायचं. बचत शेवटी उरली तर करायची असा मामलाच नाही, ती आधी बाजूला काढायची. ही कल्पना वहीवाल्यांची नाही. हानी मोतोको नावाच्या बाईंनी १९०४ साली बायकांसाठी घरखर्चाची छापील वही काढली, तेव्हापासून ही शिस्त चालत आलीये. जपानच्या पहिल्या महिला पत्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या पद्धतीची वही आजही छापली जाते आणि विकली जाते.

पुढे रोजचे रकाने. अन्नाचेच तीन: मुख्य धान्य, भाजी-मासे-मांस, आणि चहा-बिस्किटं-दारू वगैरे चैनीचं. मग बाहेर खाणं, घरगुती वस्तू, कपडे, औषधपाणी, शिक्षण, प्रवास, करमणूक, आणि एक जाडजूड रकाना ‘देणंघेणं आणि संबंध’ या मथळ्याखाली. माझ्यासारखीला पहिल्या वर्षी हा शेवटचा रकाना फुकट गेल्यासारखा वाटतो. टोकियोत दुसरं वर्ष लागलं की कळतं, वही बनवणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नवऱ्याच्या साहेबांचे वडील गेले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला सगळं समजावलं. दुखवट्याच्या पाकिटात, ऑफिसातली ओळख म्हणजे पाच हजार येन पुरे. नोट करकरीत नको, आधीपासून तयारी करून बसल्यासारखं दिसतं. नवीच असेल तर एक घडी घालायची. पाकीट काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं. लग्नाला मात्र याच्या अगदी उलट: नोटा कोऱ्या, बँकेतून मुद्दाम आणलेल्या, आणि मित्राच्या लग्नात तीस हजार येन. वीस हजार देत नाहीत, दोन नोटांचे सारखे दोन भाग होतात, म्हणजे जोडपं तुटल्यासारखं. पुढे काही आठवड्यांनी साहेबांकडून चहाच्या डब्यांची पेटी आली. आजी म्हणाल्या, दिलेल्याच्या निम्म्याच्या आसपास परत येतंच, ते त्याच रकान्यात बारीक अक्षरात लिहून ठेव. वहीत त्यासाठी खरोखरच एक बारीक ओळ आहे! उन्हाळ्यात ओचुगेन, वर्षअखेरीला ओसेइबो या भेटी वेगळ्या. हा रकाना नसता तर डिसेंबरात पैसे कुठे गेले म्हणून मी नवऱ्याशी भांडत बसले असते.

नवऱ्याचं म्हणाल तर वहीत त्याच्यासाठी एक ओळ आहे: हातखर्च. जपानी घरांत पगार बायकोच्या हातात येतो आणि ती नवऱ्याला महिन्याचा हातखर्च देते, ही पद्धत अजून बऱ्यापैकी टिकून आहे. एसबीआय शिनसेई बँक दरवर्षी नोकरदारांच्या हातखर्चाची पाहणी करते. २०२४ मध्ये पुरुषांचा आकडा सुमारे ३९ हजार येन होता, आणि त्यात दुपारचं जेवणही आलं. नवऱ्याला तो आकडा दाखवला. तो म्हणाला, बँकेची पाहणी आपल्या घरी लागू नाही.

या वह्यांना जपानमध्ये एक सरकारी चुलत भावंडही आहे. तिथलं सांख्यिकी कार्यालय घरखर्चाची पाहणी करतं, त्यात सुमारे नऊ हजार कुटुंबं रोजचा जमाखर्च लिहून देतात. एकट्या माणसाने तीन महिने लिहायचं, दोन किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाने सहा महिने. या नोंदींतून महागाईची चर्चा होते, धोरणं ठरतात वगैरे ठीकच, पण लोकांचा खरा जीव अडकलेला असतो तो ग्योझात, म्हणजे मोमोसारख्या सारण भरलेल्या पदार्थात. कोणत्या शहरातली कुटुंबं ग्योझावर सगळ्यात जास्त खर्च करतात यावर उत्सुनोमिया, हामामात्सु आणि मियाझाकी या शहरांची दरवर्षी चुरस लागते. निकाल फेब्रुवारीत लागतो, टीव्हीवर महापौर टाळ्या वाजवताना दिसतात. गंमत म्हणजे यात हॉटेलात खाल्लेले ग्योझा धरत नाहीत, फ्रोझनही नाहीत. दुकानातून तयार आणलेलेच मोजतात. म्हणजे उत्सुनोमियाच्या ग्योझा हॉटेलांपुढे कितीही लांब रांग लागली तरी शहराच्या गुणांत भर पडत नाही. घरखर्चाच्या कुठल्याही आकड्याकडे बघताना मला हे आठवतं: काय मोजलंय याच्याइतकंच काय मोजलं नाही तेही विचारायला हवं.

टोकियोपुरते वहीला पाचपैकी साडेचार गुण.

सोलला मात्र पहिल्याच पानावर अडलं. ‘घरभाडं’ या ओळीत काय लिहायचं? आम्हाला कंपनीचं घर होतं, त्यामुळे आम्ही सुटलो, पण वरच्या मजल्यावरची ओन्नी (ओन्नी म्हणजे ताई; माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ओन्नीच म्हणायचे) माझ्या शेजारी बसून हीच वही भरायला लागली तेव्हा तिची पेन्सिल तिथेच थांबली. ते जॉनसेवर राहायचे. म्हणजे घरमालकाला सुरुवातीलाच मोठी अनामत द्यायची, सोलच्या बऱ्या अपार्टमेंटला पन्नास-साठ कोटी वॉन सहज, आणि मग महिन्याचं भाडं शून्य. दोन वर्षांनी करार संपला की सगळी रक्कम परत. २०२० पासून भाडेकरूला एकदा करार वाढवून मागायचा हक्क आहे आणि त्यात अनामत पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. तर ओन्नीच्या वहीत भाडं शून्य. पण ती अनामत उभी करायला बँकेचं कर्ज काढलेलं, त्याचं व्याज दरमहा जातंय. हे व्याज कुठे लिहायचं? वहीत ‘कर्जफेड’ म्हणून ओळ आहे, ती स्वतःच्या घराच्या कर्जासाठी. आणि अनामत स्वतः ही खर्चही नाही, बचतही नाही; परत मिळेल अशी आशा असलेली रक्कम. २०२२-२३ मध्ये अनामती बुडाल्याची प्रकरणं इतकी गाजली की सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. त्या दिवसांत ओन्नी रोज कुठल्यातरी नव्या बातमीने हैराण व्हायची.

हे फक्त तिच्या वहीचं दुखणं नाही. कोरियाच्या सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या पाहणीत सरासरी कुटुंबाची मालमत्ता ५४ कोटी वॉनच्या आसपास होती, कर्ज ९ कोटींच्या वर आणि वर्षाचं उत्पन्न ७ कोटी १८ लाख. मालमत्तेतला साधारण सत्तर टक्के वाटा घर-जमिनीत अडकलेला. म्हणजे कागदावर माणूस श्रीमंत आणि महिनाअखेरीला ओढाताण. जपानी वहीत हे दिसतच नाही, कारण ती महिन्यात किती आलं आणि किती गेलं एवढंच विचारते.

दुसरी अडचण शिक्षणाची. आम्ही सोलच्या मोकडोंग भागात होतो, आणि मोकडोंग म्हणजे क्लासेसची पेठ. एकेका इमारतीत खाली फार्मसी आणि वर सगळे मजले हागवॉनचे, म्हणजे खासगी क्लासेसचे. दुपारी शाळा सुटली की तायक्वांदोच्या पिवळ्या व्हॅन मुलं उचलून नेतात, पालक कामावर असतात म्हणून ते तायक्वांदो कमी आणि पाळणाघर जास्त. मग इंग्रजी, मग गणित, जमलं तर पियानो. मोठ्या मुलांचे क्लास रात्री दहापर्यंत. दहानंतर चालवायला सोल शहरात बंदी आहे, म्हणून दहाला रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. २०२४ मध्ये कोरियात शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च झाले. सगळी मुलं धरली तर प्रत्येकी महिन्याला ४ लाख ७४ हजार वॉन, आणि दर पाचातली चार मुलं कुठला ना कुठला क्लास लावतात. ओन्नीला दोन मुलं. तिची शिक्षणाची ओळ अन्नाच्या ओळीपुढे गेलेली मी पाहिलीये. वहीत शिक्षणाचा रकाना बोटभर रुंद आहे. तिने त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवून चार उपरकाने केले आणि करमणुकीचा रकाना सरळ त्यांना जोडून टाकला. ‘करमणूक आहे कुठे?’ म्हणाली आणि हसली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली आणि वहीला ती अजिबात झेपली नाही. कोरियात कार्ड दिलं की गल्ल्यावरची मुलगी विचारते: एकरकमी का हप्त्यांनी? पन्नास हजार वॉनच्या वर काहीही असेल तर हा प्रश्न येतो. दोन-तीन महिन्यांचे बिनव्याजी हप्ते तर सहज मिळतात. म्हणजे मार्चमध्ये घेतलेले मुलीचे बूट मार्च, एप्रिल, मेमध्ये थोडे थोडे कापले जाणार. मग नोंद कधी करायची? मी खरेदीच्या दिवशी लिहायचे, ओन्नी पैसे कापले जातात तेव्हा. आमच्या दोघींच्या वह्यांचा ताळमेळ कधीच बसला नाही, दुकान एकच असलं तरी. शिवाय तिथे कार्ड वापरण्यात आयकराचा फायदा आहे. वर्षाच्या पगाराच्या पंचवीस टक्क्यांच्या वर जो खर्च होतो त्याचा काही भाग उत्पन्नातून वजा मिळतो: क्रेडिट कार्डाचा पंधरा टक्के, डेबिट कार्ड किंवा नोंदवलेल्या रोख पावतीचा तीस टक्के. म्हणून रोख दिले तरी लोक गल्ल्यावर फोन नंबर सांगतात. सरकारला दुकानदारांचा गल्ला उघडा पाडायचा होता. त्याच्या नादात अख्ख्या देशाच्या खिशाचा हिशेब आपोआप नोंदला जाऊ लागला. जानेवारीत ओन्नीच्या नवऱ्याच्या फोनवर वर्षभराचा खर्च एका पानात यायचा. तिने मला विचारलं, मग ही वही लिहायची कशाला? यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते हप्त्याच्या बुटांनी खोटं पाडलं असतं.

भाजीबाजाराचं थोडक्यात: २०२४ च्या वसंतात सफरचंदं मागच्या वर्षापेक्षा जवळजवळ नव्वद टक्के महाग झाली तेव्हा मोकडोंगच्या बायका फळांच्या कप्प्यापुढून हात मागे घेताना दिसायच्या, क्लासच्या फीपुढून नाही. कुठल्या रकान्यात काटकसर करायची आणि कुठल्यात नाही हे कुणी ठरवून दिलेलं नसतं, तरी सगळ्या इमारतीचं एकमत असतं.

सोलसाठी अडीच गुण. वाढवून दिलेत.

तैपेईला गेल्यावर पहिला आनंद हा की घरमालकीणबाईंना वहीचे मथळे वाचता यायचे, चिन्हं बरीचशी तीच. त्यांनी पान उलटून पाहिलं आणि अन्नाचे तीन रकाने बघून म्हणाल्या, एवढं कोण शिजवतं? तैपेईत ही शंका रास्त आहे. सकाळी कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानातून अंड्याचं धिरडं आणि सोया दूध, दुपारी भाताचा डबा, संध्याकाळी रस्त्यावर काहीतरी. एकट्यांसाठीच्या भाड्याच्या खोल्यांना तर कित्येकदा स्वयंपाकघरच नसतं. आमच्या घरात ओटा होता, तरी दुसऱ्या महिन्यापासून माझ्या वहीत धान्याचा रकाना ओस आणि ‘बाहेर खाणं’ ओळ ओलांडून मार्जिनमध्ये गेलेलं. टोकियोत बाहेर खाणं म्हणजे चैन, वही त्याला अन्नाच्या तीन रकान्यांबाहेर बसवते. तैपेईत ते रोजचं जेवण आहे आणि घरी रांधण्यापेक्षा फारसं महागही पडत नाही.

वीजबिलाने वेगळीच गंमत केली. तैवानमध्ये ते दोन महिन्यांनी येतं, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दर चढा असतो. महिन्याच्या पानावर एका महिन्यात वीज शून्य, पुढच्यात डोळे पांढरे. मी निम्मं-निम्मं करून पेन्सिलने लिहायचे. टोकियोतही पाण्याचं बिल आम्हाला दोन महिन्यांनी यायचं, पण वहीवाल्यांनी पाण्याच्या ओळीत त्याची सोय ठेवली आहे. विजेच्या ओळीत नाही, कारण त्यांच्या देशात गरजच नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांचंही असंच. तैपेईत २००० सालापासून कचरा ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो, आणि ती पिशवी विकत घ्यायची. कचऱ्याचं शुल्क पिशवीच्या किमतीतच आलं. संध्याकाळी गाडी गाणं वाजवत आली की सगळी इमारत पिशव्या घेऊन खाली. मी हे ‘घरगुती वस्तू’मध्ये लिहायचे, मालकीणबाईंच्या मते तो कर होता. मला त्यांचं पटलं.

पण तैपेईतला वहीचा खरा विजय म्हणजे मागचा प्लास्टिकचा खिसा. तैवानमध्ये दुकानातली जवळजवळ प्रत्येक पावती लॉटरीचं तिकीट असते. १९५१ पासून चालू आहे हे. दुकानदाराने पावती द्यावी आणि विक्री लपवू नये म्हणून गिऱ्हाइकालाच पहारेकरी केलं. विषम महिन्यांच्या पंचवीस तारखेला सोडत. सगळ्यात मोठं बक्षीस एक कोटी तैवानी डॉलर, आणि शेवटचे तीन अंक जुळले तरी दोनशे मिळतात. आता बरेच लोक फोनमधला बारकोड दाखवतात आणि पावती थेट खात्यात जाते. मालकीणबाई मात्र कागदाच्याच. त्या आणि मी पंचवीस तारखेला ओट्याशी बसून अंक जुळवायचो. टोकियोत पावती नोंदली की कचऱ्यात. इथे दोन महिने जपून ठेवायची. खिसा फुगला, मग शिवणीपाशी फाटला. त्याबद्दल तक्रार खाली. बक्षीस लागलं तर लिहायचं कुठे, हाही प्रश्न होता. दोनशे डॉलर मी ‘इतर जमा’त लिहिले आणि त्याच दिवशी ‘बाहेर खाणं’मध्ये खर्ची टाकले.

देणंघेणंच्या रकान्याने इथे उलटी उडी मारली. तैवानात लग्नाच्या लाल पाकिटात समसंख्या हवी, फक्त चार नको, म्हणून आहेर २,६०० किंवा ३,६०० असे असतात. विषम रक्कम अंत्यविधीच्या पांढऱ्या पाकिटाला. जपानमध्ये शिकलेलं सगळं पुसून नव्याने शिकावं लागलं. (कोरियात हे सोपं: पन्नास हजार का एक लाख वॉन एवढाच विचार, आणि फोनवर आलेल्या पत्रिकेतच बँकेचा खाते क्रमांक छापलेला.) तरी तिन्ही ठिकाणी हा रकाना भरला, कधीच रिकामा राहिला नाही. वही बनवणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तिन्ही देशांसाठी बरोबर ओळखली आहे असं म्हणायला हरकत नाही.

तैपेईला साडेतीन.

एक प्रत मी जाऊबाईंना शांघायला पाठवली होती. दोन पानं भरून त्यांनी ती मुलाला चित्रं काढायला दिली. तिथे भाजीवालीपासून देवळापर्यंत सगळं फोनवरून, आणि वर्षाच्या शेवटी अलीपे हे पैसे देण्याचं अ‍ॅप स्वतःच वर्षाचा हिशेब रंगीत करून दाखवतं. आहेरसुद्धा वीचॅटवर. त्यांच्या मते वही म्हणजे माझी हौस आहे, आणि यात त्या अगदीच चुकीच्या आहेत असं नाही.

आता वहीच्या पुढच्या पानांबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. सुरुवातीला ‘तुमचा खर्च सरासरीशी ताडून बघा’ म्हणून एक तक्ता दिला आहे. सरासरी कुटुंबाचं उत्पन्न, अन्नाचा टक्का, घराचा टक्का. लोक हाच तक्ता घेऊन देशादेशांची तुलना करतात, आणि सगळी गडबड तिथेच होते. जपानच्या आरोग्य आणि कामगार मंत्रालयाच्या पाहणीत २०२३ चं सरासरी घरगुती उत्पन्न ५३.६ लाख येन आहे, पण अगदी मधल्या कुटुंबाचं ४१ लाखच. सुमारे बासष्ट टक्के घरं सरासरीच्या खाली! आणि त्यात पेन्शनवर जगणाऱ्या आजी-आजोबांची घरंही आली. वही हातात घेणारी बहुतेक बाई सरासरीखालचीच असणार, आणि तक्ता तिला सांगतो की तू मागे आहेस.

मग कोरिया. तिथे तिमाहीचा आकडा महिन्याच्या हिशेबात देतात: २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत कुटुंबाचं मासिक उत्पन्न सरासरी ५२ लाख १५ हजार वॉन, आणि घरखर्च सुमारे २९ लाख. तैवानात वर्षाचा, आणि तोही कर वगैरे वजा जाऊन उरलेला: २०२३ मध्ये सुमारे ११ लाख ३७ हजार तैवानी डॉलर. चीनमध्ये कुटुंबाचा नाही, माणशी: २०२४ मध्ये हातात येणारं उत्पन्न ४१,३१४ युआन आणि खर्च २८,२२७. शहरात हेच उत्पन्न ५४,१८८ आणि खेड्यात २३,११९, म्हणजे एकच सरासरी काढून आपण नेमकं कुणाबद्दल बोलतोय हा प्रश्न राहतोच. चार देशांचे चार आकडे एका रांगेत मांडून खाली रेघ मारणारा माणूस अकाउंट्समध्ये असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

घराच्या टक्क्याचं तर विचारूच नका. जपानी पाहणीत घरावरचा खर्च इतका किरकोळ दिसतो की टोकियोत भाडं भरणाऱ्याला हसू येईल. कारण ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्या नावावर तिथे भाड्यापोटी काहीच पडत नाही, आणि कर्जाचा हप्ता खर्चात धरत नाहीत. चीन आणि तैवानच्या पाहणीत मात्र स्वतःच्या घरात राहणाऱ्याने ‘जणू भाडं भरलं असतं’ अशी रक्कम धरून ती खर्चात मिळवतात. कोरियात जॉनसेची अनामत खर्चातच नाही. मग चिनी माणूस घरावर जास्त खर्च करतो आणि जपानी कमी, असं कुणी लिहिलं की समजावं, यांनी तळटीप वाचलेली नाही.

अन्नाचा टक्का जरा बरा. २०२४ मध्ये जपानी कुटुंबांचा अन्नावरचा वाटा २८.३ टक्क्यांवर गेला, त्रेचाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा. चीनमध्ये त्याच वर्षी २९.८. आकडे शेजारी शेजारी, गोष्ट वेगळी. चीनचा टक्का वर्षानुवर्षं उतरत इथवर आला, जपानचा चढत. पगार वाढण्याआधी भाव वाढले, म्हाताऱ्या माणसांची घरं वाढली, तयार जेवण आणणं वाढलं. टोकियोला परतल्यावर माझ्या वहीत धान्याच्या रकान्यात ते लख्ख दिसलं: २०२५ च्या मे महिन्यात सुपरमार्केटात पाच किलो तांदूळ चार हजार दोनशे येनच्या वर गेला होता, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. सरकारने कोठारातला साठा बाहेर काढला तेव्हा खालच्या आजी पहाटे रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या जुन्या वह्या कपाटात आहेत, त्यातला तांदळाचा भाव त्यांनी मला काढून दाखवला आणि पुढे बराच वेळ बोलल्या नाहीत.

कागद उत्तम आहे. शाई मागे उमटत नाही, वही टेबलावर सपाट उघडते, पानं सुटत नाहीत. खिशाचं प्लास्टिक मात्र स्वस्तातलं. तैवानात वापरणार असाल तर पहिल्या दिवशीच कडेला चिकटपट्टी मारा. प्रकाशकाला मी खिशाबद्दल लिहिलं होतं, उत्तर फार नम्र आलं आणि पुढच्या वर्षीचा खिसा तसाच होता. पगाराची तारीख पंचवीस धरून महिना सुरू करायची सोय आहे, ती जपानमध्ये उपयोगी. फोनवरून पैसे देणाऱ्यांसाठी अजून वेगळा रकाना नाही. जपानमध्येसुद्धा २०२४ मध्ये रोखीशिवायचे व्यवहार बेचाळीस टक्क्यांवर गेले, तेव्हा आता तरी हवा.

तारखा छापलेली आणि तारखा कोरी अशा दोन आवृत्त्या मिळतात. जपानमध्ये राहणाऱ्यांनी छापलेली घ्यावी, सणवार आणि भेटींचे महिने त्यात आधीच खुणावलेले आहेत. सोल किंवा तैपेईला जाणाऱ्यांनी कोरी घ्या, कारण तिच्या मागे सहा मोकळी पानं जास्त आहेत. अनामत, हप्ते आणि दोन महिन्यांची बिलं तिथे मांडता येतात. डिसेंबरच्या मध्यानंतर कोरी आवृत्ती टोकियोतल्या आमच्या निशिकासाई भागातल्या दुकानात संपलेली असते, तेव्हा नोव्हेंबरातच उचला. सुरुवातीचा सरासरीचा तक्ता स्टेपलरने बंद करून टाकला तरी चालेल.